सहावी ते आठवीसाठी सणांचं गणित: दिवाळीच्या सुट्टीआधीचे चार दिवस

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकच्या मराठी माध्यमाच्या शाळेत तुम्ही सहावी ते आठवीला गणित शिकवता. सहामाही संपली की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चार-पाच दिवस उरतात. नवा धडा सुरू करण्यात अर्थ नसतो आणि मुलं मनाने सुट्टीवर गेलेली असतात. म्हणून तुम्ही सणांवरचे गणिताचे उपक्रम शोधलेत. मिळाले ते असे: पणतीत रंग भरा, अंक जोडून कंदील काढा. सातवीच्या मुलांनी ते ‘आमच्या छोट्या भावाला द्या’ म्हणत परत केले. करायचं काय, आणि केलंच तर त्याला गुण कसे द्यायचे, असं तुम्ही विचारलंय.

मुलांचं चुकलेलं नाही. ‘आईने ४८ लाडू केले, १५ शेजारी दिले, उरले किती’ या उदाहरणात लाडवांच्या जागी खिळे लिहिले तरी काही बिघडत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे लगेच कळतं आणि आपल्याला लहान समजतात याचा त्याला राग येतो. मी उपक्रम निवडताना एकच गोष्ट बघतो: यातून सण काढून टाकला तर गणित जसंच्या तसं उरतं का? उरत असेल तर तो उपक्रम पाचवीच्या आतल्यांना ठीक. मोठ्या मुलांना सणाच्या आत दडलेलं गणित द्यायचं. ते भरपूर आहे आणि बहुतेक फुकट आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्या वर्गावर अवलंबून आहेत. पट साठच्या वर असेल आणि बाक हलत नसतील तर कंदील विसरा, तारखांचा खेळ घ्या. मुलांना घरून सामान आणायला सांगणार असाल तर आधी कोणाला जमेल याचा अंदाज घ्या. आणि ‘तुमच्या घरी फराळाला किती खर्च आला ते लिहून आणा’ हा उपक्रम मी कधीच देत नाही, सगळीकडे सुचवतात तरीही. कोणाच्या वडिलांना बोनस मिळाला आणि कोणाच्या नाही, हे वर्गात फळ्यावर यायचं कारण नाही. हिशोबच हवा असेल तर किराणा दुकानाबाहेर लिहिलेले भाव घ्या आणि सगळ्या वर्गाने मिळून एकाच काल्पनिक घराचा चिवडा करा.

आता माझा सगळ्यात आवडता उपक्रम. यासाठी खडू-फळा पुरतो. जुनी कालनिर्णय मिळाली तर उत्तम; बऱ्याच घरांत दुधाच्या हिशोबासाठी ती जपलेली असतात. फळ्यावर दोन रांगा लिहा.

गणेश चतुर्थी: २०१९ ला २ सप्टेंबर, २०२० ला २२ ऑगस्ट, २०२१ ला १० सप्टेंबर, २०२२ ला ३१ ऑगस्ट, २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट.

लक्ष्मीपूजन: २०१९ ला २७ ऑक्टोबर, २०२० ला १४ नोव्हेंबर, २०२१ ला ४ नोव्हेंबर, २०२२ ला २४ ऑक्टोबर, २०२३ ला १२ नोव्हेंबर, २०२४ ला १ नोव्हेंबर, २०२५ ला २१ ऑक्टोबर.

सहावीला पूर्णांक संख्या आहेतच. सण आदल्या वर्षीपेक्षा अलीकडे आला तर ऋण, पलीकडे गेला तर धन, असं ठरवून फरक काढायला सांगा. गणपतीची रांग येते −११, +१९, −१०, +१९, −१२, −११. दिवाळीची येते +१८, −१०, −११, +१९, −११, −११. दोन्ही रांगांची बेरीज −६ यायला हवी, कारण पहिल्या आणि शेवटच्या तारखेत तेवढाच फरक आहे. ज्याची येत नाही तो स्वतःच चूक शोधायला लागतो, तुम्हाला सांगावं लागत नाही.

इथे थांबा आणि काही समजावू नका. मुलं थोड्या वेळात दोन गोष्टी बोलतात. एक, सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि मध्येच एकदम उडी मारतो. दुसरी गोष्ट चौकस मुलाच्या लक्षात येते: २०२० मध्ये दिवाळी पुढे गेली, पण गणपती मागे आले. हे कसं? मग प्रत्येक वर्षी गणपतीपासून लक्ष्मीपूजनापर्यंतचे दिवस मोजायला लावा. दरवर्षी ५४ किंवा ५५ येतात. २०२० ला मात्र ८४. वर्गात हमखास कोणीतरी म्हणतं, लॉकडाऊन होतं म्हणून दिवाळी पुढे ढकलली असेल. हसू द्या, मग विचारा: ८४ मधून ५५ गेले, उरले २९. एकोणतीस दिवसांचं काय असतं?

अधिक महिना हे उत्तर बहुतेक वेळा एखाद्या मुलीकडून येतं, जिच्या आजीने त्या वर्षी जावयाला वाण दिलेलं असतं. आता आकडे द्या. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. त्याच्या बारापट ३५४.३६. सौर वर्ष ३६५.२४ दिवसांचं. म्हणजे दरवर्षी सुमारे १०.८८ दिवसांची उधारी. ही उधारी एका महिन्याइतकी व्हायला किती वर्षं लागतील? २९.५३ भागिले १०.८८, म्हणजे साधारण २.७ वर्षं, बत्तीस-तेहतीस महिने. तेवढ्या काळाने पंचांगात एक महिना जास्तीचा घालतात आणि हिशोब पुन्हा जुळवतात. २०२० ला अधिक आश्विन होता, तो गणपती आणि दिवाळीच्या मधोमध आला, म्हणून फक्त दिवाळी पुढे गेली. गणपतीची उडी पुढच्या वर्षी दिसली. २०२३ ला अधिक श्रावण दोन्ही सणांच्या आधी आला, म्हणून दोन्ही पुढे गेले. आता मुलांना सांगा की २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, कॅलेंडर न बघता गणपती आणि दिवाळीचा अंदाज बांधा. १४ सप्टेंबर आणि ८ नोव्हेंबर या खऱ्या तारखांच्या एक-दोन दिवस इकडे-तिकडे बहुतेक गट पोहोचतात, आणि मधलं अंतर ५५ असणार हे तर ते छातीठोक सांगतात.

आठवीला एक पायरी वर चढा. १९ सौर वर्षांचे दिवस आणि २३५ चांद्रमासांचे दिवस काढायला सांगा. दोन्ही ६९३९ च्या थोडे वर येतात. म्हणजे १९ वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा जवळपास एकत्र येतात. पडताळा: २००६ ची गणेश चतुर्थीही २७ ऑगस्टलाच होती.

आपल्या वर्गात सगळी मुलं एकाच घरची नसतात, म्हणून मी याच तासाला रमजान ईदही घेतो. २०२३ ला २२ एप्रिल, २०२४ ला ११ एप्रिल, २०२५ ला ३१ मार्च. ही रांग फक्त मागेच जाते, कारण हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही. ३६५ भागिले ११, म्हणजे सुमारे ३३ वर्षांत ईद सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. नाताळ जागचा हलत नाही. संक्रांत जवळजवळ हलत नाही, पण अगदी हलत नाही असंही नाही: नक्षत्रांच्या हिशोबाचं वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं आहे. २० मिनिटांचा एक दिवस व्हायला ७२ वर्षं लागतात. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आज ती १४ किंवा १५ ला येते. १८६३ पासूनची वर्षं भागिले ७२ करून बघायला सांगा, उत्तर दोनाच्या थोडं वर येतं. याला दोन तास सहज लागतात, आणि इतिहासाचे शिक्षक स्टाफरूममध्ये तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

रांगोळीबद्दल तुम्ही लिहिलंय की सममिती घेऊन झाली, मुलांना कंटाळा आला. सममिती पाचवीपासून घेतात, कंटाळा येणारच. ठिपके मोजायला लावा. आपल्याकडे ‘९ ते ५’, ‘१५ ते ८’ असं म्हणतात, म्हणजे मधली ओळ ९ ठिपक्यांची, मग दोन्ही बाजूंना ८, ७, ६, ५ अशा मधोमध सरकवलेल्या ओळी. लहानापासून सुरुवात करा. एकच ठिपका: १. ३ ते २: ७. ५ ते ३: १९. ७ ते ४: ३७. ९ ते ५: ६१. या संख्यांमधले फरक ६, १२, १८, २४. मुलांना हे लगेच दिसतं आणि पुढची रांगोळी न काढता तिचे ठिपके सांगता येतात. आता पहिल्यापासून बेरीज करत जायला सांगा: १, ८, २७, ६४, १२५. इथे वर्गात थोडा वेळ कोणी बोलत नाही आणि मग मागच्या बाकावरून ‘घन!’ असा आवाज येतो. षटकोनी रांगोळ्यांची बेरीज घनसंख्या का व्हावी? आठवीच्या हुशार मुलांना साखरेच्या चौकोनी वड्या द्या. ५ बाय ५ बाय ५ च्या घनातून ४ चा घन एका कोपऱ्यातून काढला तर तीन बाजूंचं एक कवच उरतं, त्यात ६१ वड्या असतात. ते कवच कोपऱ्याच्या समोरून, एक डोळा मिटून बघितलं की षटकोन दिसतो.

आणखी एक गंमत, जी मला फार आवडते. १५ ते ८ च्या रांगोळीत १६९ ठिपके असतात. म्हणजे १३ चा वर्ग. तेच ठिपके १३ बाय १३ च्या सरळ चौकोनात बसतात. दोन मुलींना दोन्ही रांगोळ्या शेजारी काढायला लावा आणि बाकीच्यांना विचारा, कोणत्या रांगोळीत ठिपके जास्त? बहुतेक जण ठामपणे चुकतात.

कंदिलाला दोन सलग तास हवेत. पारंपरिक आकाराचा कंदील घ्या, चांदणी नको. सहा जणांचा गट, प्रत्येकाने चार सारख्या काड्यांचा एक चौरस बांधायचा. काड्या खराट्याच्या चालतात, बांबूच्या कामट्या मिळाल्या तर छानच. मग सहा चौरस कोपऱ्याला कोपरा लावून बांधायचे, एका कोपऱ्यात दोनच चौरस. बांधून झालं की मधे आठ त्रिकोणी खिडक्या आपोआप तयार होतात, त्या कोणी बनवलेल्या नसतात. मोजणी: कोपरे १२, काड्या २४, बाजू ६ अधिक ८ म्हणजे १४. कोपरे वजा कडा अधिक पृष्ठं: १२ − २४ + १४ = २. हेच डस्टरच्या खोक्याला आणि पिरॅमिडला करून बघायला लावा, तिथेही २ येतं. हे ऑयलरचं सूत्र.

पण खरी मजा पुढे आहे. कंदील उचलला की तो मुरगळतो, बसतो. मुलं म्हणतात गाठी सैल आहेत. गाठी घट्ट करूनही तो मुरगळतोच. का? त्रिकोणाच्या काड्या तशाच ठेवून त्याचा आकार बदलता येत नाही, चौरसाचा मात्र समभुज चौकोन होऊ शकतो. प्रत्येक चौरसाला एक कर्ण बांधा. सहा काड्या वाढल्या आणि कंदील ताठ उभा. हा कर्ण किती लांब लागेल? ८ सेंमीच्या चौरसाला ११.३ सेंमी. पायथागोरस सातवीत येतो, तो इथे उपयोगी पडतो, आणि सहावीची मुलं पट्टीने मोजून तेच उत्तर काढतात. बाजारातला कंदील कर्णाशिवाय उभा राहतो तो चिकटवलेल्या कागदामुळे. तुम्ही पतंगी कागद लावणार असाल तर कर्ण काढून पुन्हा बघा, हा प्रयोग दाखवण्यासारखा आहे.

फराळावर फार वेळ घालवू नका. गुणोत्तराचं गणित मुलांना येतं. शंकरपाळे मात्र घ्या. १२ सेंमी व्यासाचा कागदी गोल ही लाटलेली पोळी. त्यातून कर्ण ३ सेंमी आणि २ सेंमी असलेले समभुज चौकोन कापायचे. एकाचं क्षेत्रफळ ३, गोलाचं सुमारे ११३, म्हणजे कागदावर ३७ बसायला हवेत. प्रत्यक्षात कडेचे तुकडे वाया जातात आणि कोणत्याही गटाला तेवढे मिळत नाहीत. कोण सगळ्यात जास्त काढतो, त्याची स्पर्धा. वाया गेलेल्याचे शेकडा किती, तेही काढायला लावा. एक तास, पुरे.

तुम्ही फक्त दिवाळीचं विचारलंय, पण नाशिकमध्ये राहून रंगपंचमी सोडली तर चुकीचं होईल. मार्चमध्ये हेच पुन्हा लागेल, म्हणून सांगून ठेवतो. आपल्याकडच्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, वर्षभर बंद असतात आणि रंगपंचमीला उघडतात, प्रत्येकीचा रंग ठरलेला. घनफळासाठी याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. गणितापुरतं समजा की रहाड २० फूट लांब, २० फूट रुंद आणि पाणी ६ फूट. २४०० घनफूट. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर, म्हणून पाणी जवळपास ६८,००० लिटर, दहा हजारांचे सात टँकर. तुमच्या शाळेजवळच्या रहाडीची खरी मापं मुलांनी तिथल्या जाणत्या माणसांना विचारून आणावीत, त्यातच अर्धा उपक्रम होतो. आता प्रश्न: वीस जणांनी एकदम धप्पा मारला आणि सगळे बुडाले, तर पाणी किती चढेल? मुलं फूट-दोन फूट म्हणतात. माणूस ५० किलोचा तर त्याचं घनफळ सुमारे ५० लिटर, वीस जणांचं १००० लिटर, म्हणजे ३५ घनफूट. तळाचं क्षेत्रफळ ४०० चौरस फूट. पाणी चढतं जेमतेम एक इंच. यावर वर्गात भांडण होतं, होऊ द्या. बादली, पट्टी आणि दगड घेऊन मैदानात जा.

हाच २८.३ चा आकडा पावसाळ्यात परत येतो. गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की बातम्यांत क्युसेक ऐकू येतं आणि लोक गोदाकाठी दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते बघायला जातात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. ५००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे १,४१,५०० लिटर, दर सेकंदाला दहा हजारांचे चौदा टँकर. गणेशोत्सव त्याच दिवसांत असतो, तेव्हा विसर्जनाच्या आधी हे केलंत तर पाण्यात किती आत जायचं यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

संक्रांतीला पतंग: येवल्याचा कोणी मुलगा वर्गात असेल तर आसारी (मांजा गुंडाळायची फिरकी) आणायला सांगा, एका फेऱ्यात किती मांजा गुंडाळला जातो ते मोजा आणि फेऱ्यांवरून लांबी काढा. मांजा साधा सुती, नायलॉनचा नको. सिंहस्थ, म्हणजे गुरू सिंह राशीत असतानाचा कुंभमेळा, जवळ आला की गुरूचा हिशोब घ्या. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात, सात फेऱ्यांना ८३. बारा-बारा वर्षांनी धरलं तर सात वेळा ८४ होतात. मग हे एक वर्ष कधीतरी कमी करावं लागणार, बरोबर? यावर मुलांना विचार करू द्या.

तुमच्या चार दिवसांचं मी असं करीन: पहिले दोन दिवस तारखा, तिसऱ्या दिवशी रांगोळीचे ठिपके, चौथ्या दिवशी कंदील. पाचवा मिळाला तर शंकरपाळे. दोनच तास मिळणार असतील तर फक्त तारखा घ्या, कारण त्याला सामान लागत नाही आणि सहावीपासून आठवीपर्यंत प्रत्येकाला आपापल्या उंचीचं काम मिळतं.

गुणांचं म्हणाल तर लगेच गुण देऊ नका, वातावरण बदलतं. पहिल्या सत्राच्या नोंदी बहुधा तोवर बंद झालेल्या असतात. गटाचा एक कागद ठेवून घ्या, त्यावर आकडेमोड आणि ‘आम्हाला काय कळलं नाही’ या दोन ओळी असू द्यात. दुसऱ्या सत्रात आकारिक मूल्यमापनात उपक्रम किंवा प्रकल्प या रकान्यात तो धरता येतो. मी गुण देताना उत्तरापेक्षा त्या दोन ओळी आधी वाचतो; २०२० च्या दिवाळीबद्दल ज्याने प्रश्न विचारला त्याला मी सगळ्यात जास्त देतो, उत्तर दुसऱ्याने काढलेलं असलं तरी.

शेवटची एक सूचना. सहा जणांनी मिळून एक कंदील केला की तो घरी कोण नेणार यावर वाद होतो. चिठ्ठ्या टाका. आणि कोणीतरी म्हणणारच, पहिल्यांदा चिठ्ठी उचलणाऱ्याला जास्त संधी असते. नसते, प्रत्येकाला सहात एक. पण पहिल्याला सहा चिठ्ठ्यांतली एक आणि शेवटच्याला उरलेली एकच, तरी संधी सारखी कशी, हे पटवायला अख्खा तास जातो. तेव्हा चिठ्ठ्या शाळा सुटायच्या वेळी काढू नका, मधल्या सुट्टीच्या आधीच काढा.